फाइल हलकी, अक्षर शाबूत

लालबाग-परळच्या चाळींत पत्र्याच्या ट्रंका उघडल्या, तर अजूनही काही कागद हाती लागतात : गिरणीचे ओळखपत्र, हजेरीचे तिकीट, प्रॉव्हिडंट फंडाची पावती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात हजारोंची नोकरी गेली. कागद मात्र राहिले. २०२३ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी पात्रता ठरविण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा असेच कागद पुरावा म्हणून मागविण्यात आले आणि ते ऑनलाइनही स्वीकारले गेले. ऑनलाइन अर्ज घराचा असो वा आपल्या शिष्यवृत्तीचा, तेथे बहुधा फाइलच्या आकारावर मर्यादा असते. ही फाइल लहान कशी करावी, आणि कोठे थांबावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुळात फाइल जड का होते? स्कॅनर अक्षर वाचत नाही; तो कागदाचे चित्र ठिपक्याठिपक्यांनी टिपतो. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. इंचाला ३०० ठिपके धरले, तर त्यावर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात, म्हणजे एका पानाचे कच्चे वजन सुमारे २६ मेगाबाइट. करड्या छटांत तेच पान ८.७ मेगाबाइटांवर येते. इंचाला १५० ठिपके केले, तर लांबी व रुंदी दोन्हीकडे निम्मे होऊन एकूण ठिपके एक चतुर्थांशच उरतात. म्हणून काटकसर आधी रंगात करावी, मग ठिपक्यांत. शिक्क्याची शाई अक्षरांवर आली असेल, तर मात्र रंग ठेवावा.

हे काम करणारा ‘घोस्टस्क्रिप्ट’ हा प्रोग्राम एल. पीटर डॉइच यांनी १९८८ साली प्रसिद्ध केला. तो मोफत मिळतो. त्याला बटणे नाहीत. टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा टंकावी लागते. आज्ञेचे शब्द रोमन लिपीत लिहायचे असतात, पण तिची रचना सोपी आहे. लिनक्सवर प्रथम ‘जीएस’ हे प्रोग्रामचे नाव, मग ‘डिव्हाइस’ या पर्यायापुढे ‘पीडीएफराइट’, मग ‘पीडीएफसेटिंग्ज’पुढे हवा तो दर्जा, त्यानंतर ‘ओ’ या पर्यायापुढे नव्या फाइलचे नाव आणि शेवटी मूळ फाइलचे नाव. दोन्ही नावे वेगळी ठेवावीत, म्हणजे मूळ फाइल सुरक्षित राहते. रंगीत व करड्या चित्रांसाठी ‘स्क्रीन’ हा दर्जा इंचाला ७२ ठिपके ठेवतो, ‘ईबुक’ १५० आणि ‘प्रिंटर’ ३००.

फुकट आकार घटवून देणारी संकेतस्थळे असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. तेथे आपला कागद परक्याच्या संगणकावर जातो. आधार क्रमांक व सही असलेला कागद घरातच राहिलेला बरा. शिवाय चाळीस फाइली असल्या, तरी तीच आज्ञा पुन्हापुन्हा चालविण्याची सोय टर्मिनलमध्ये आहे.

आता धोक्याविषयी. अनुस्वाराचा ठिपका अर्धा मिलिमीटर रुंद धरू. इंचाला ३०० असताना तो सुमारे ६ ठिपक्यांनी रेखला जातो, १५० असताना ३ आणि ७२ असताना जेमतेम दीड ठिपक्याने. ‘शिंदे’चा ‘शिदे’ होण्यास एवढे पुरे. कागद जुना व पुसट असेल, तर तिकीट क्रमांकातील अंकांचीही हीच गत.

आकार घटविण्याच्या काही रीती याहून फसव्या असतात. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना अंकच बदलीत होती. एका इमारतीच्या नकाशात २१.११ व १७.४२ चौरस मीटरच्या खोल्यांवर १४.१३ असा आकडा उमटला होता. सारख्या दिसणाऱ्या आकृती एकच समजून जागा वाचविण्याची ती पद्धत होती. अंक पुसट नव्हते, स्वच्छ दिसत होते. म्हणूनच चूक सहज लक्षात येत नव्हती.

तेव्हा प्रथम ‘ईबुक’ वापरावा. तरीही फाइल मर्यादेत बसली नाही, तर रंगीतऐवजी करड्या छटांत स्कॅन करावे आणि मर्यादा प्रत्येक फाइलला असेल, तर एका फाइलीत एकच कागद ठेवावा. ‘स्क्रीन’वर अगदी शेवटी यावे. नंतर मुद्रितशोधनाप्रमाणे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा व दुसऱ्याने नव्या फाइलीत नाव, तारीख आणि क्रमांक ताडून पाहावेत. या कामाला पाच मिनिटे पुरतात. ज्याचे घर त्या क्रमांकावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी एवढे केलेच पाहिजे.