मण्याचे वेज

आपल्या मराठीत मंगळसूत्र तुटत नाही, ते ‘वाढते’. बांगडीही फुटत नाही, वाढते. आणि नारळ तर देवापुढे मुद्दाम वाढवायचा असतो. जे मोडले ते मोडले असे म्हणायचे नाही, ही आपल्या बायकांनी भाषेला लावलेली शिस्त आहे आणि तिचा मान मी वर्गात आणि घरातही ठेवतो. म्हणून एवढेच सांगतो की, गेल्या वर्षी तुळशीचे लग्न झाल्यावर हिर्डोशीला आमच्या घरी कार्य होते, आणि मुहूर्ताला दोन दिवस उरले असताना नवरीची पोत वाढली. तीही गळ्यात पडण्यापूर्वीच.

भोर मागे टाकून महाडच्या रस्त्याला लागले की हिरडस मावळ सुरू होते. नीरा-देवघर धरणाचे पाणी बराच वेळ सोबत करते आणि पुढे रस्ता वरंध घाटाकडे चढू लागतो. या वाटेवर हिर्डोशी. माझी थोरली आत्या इथे दिली, आणि ऐंशीच्या घरात आलेल्या तिच्याच आग्रहावरून माझ्या पुतणीचे लग्न पुण्याच्या कार्यालयात न होता या गावी ठरले होते.

नवरीची धाकटी बहीण पुण्यात काचेचे मणी करायला शिकली आहे. गॅसची बारीक, निळी ज्योत. एका हातात काचेची कांडी, दुसऱ्या हातात पोलादी सळई. काच मधासारखी पातळ झाली की ती फिरत्या सळईवर गुंडाळायची. काच धातूला चिकटून बसू नये म्हणून सळईला आधी मातीचा पातळ लेप दिलेला असतो. मणी पुरा झाला की तो एकदम गार होऊ द्यायचा नाही, भट्टीत हळूहळू निववायचा; घाई केली तर काचेत ताण राहतो आणि मणी कधी तरी आपसूक तडकतो. या रीतीने तिने ताईसाठी डाळिंबी रंगाचे चार मणी केले होते. सोन्याच्या वाट्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन घालायचे, बाकी नेहमीचे काळे मणी, असा बेत होता. आत्याने स्वतः मेण लावलेल्या दोऱ्यात पोत गाठली आणि दोरा ताणून बसावा म्हणून वाट्यांसकट खुंटीला टांगून ठेवली. पहाटे पाहतो तो वाट्या आणि लाल मणी खाली सतरंजीवर आणि काळे मणी घरभर!

लग्नघरात अशा वेळी काय होते ते सांगायला नको. कुणी ‘अगं बाई!’ म्हणून तोंडावर हात ठेवला, कुणी देवापुढे साखर ठेवली, कुणी भोरच्या बाजारातून तयार पोत आणायला मोटार काढा म्हणू लागले. काचेचे मणी हौसेला ठीक, पण ताईच्या गळ्यात नकोत, असेही एक वाक्य माजघरातून ऐकू आले. ते वाक्य कुणाचे याची मी चौकशी केली नाही. धाकटी मात्र ते ऐकून जी परसात जाऊन बसली, ती चहालाही येईना.

आत्या गडबडली नाही. मुलांना मणी वेचायला बसवून तिने दोऱ्याचे टोक उजेडात धरले. “दोरा तुटला न्हाई, कातारलाय,” ती म्हणाली. मग एकेक लाल मणी घेऊन तिने त्याच्या तोंडावरून नखाची पाठ फिरवली. तिसऱ्या मण्याला थांबली. “ह्यो चावतोय. बोलव तिला.” धाकटी डोळे पुसत आली तेव्हा आत्याने कापसाची बारीक वात वळून मण्यातून ओढून दाखवली. पहिल्या दोन मण्यांतून वात आली ती मातीने मळून आली; तिसऱ्यातून आली तेव्हा तिचे तंतू मागे अडकून राहिले. चौथ्याचेही तेच. जिथे कापूस अडकतो तिथे काटा आहे, हे सांगायला भिंग लागले नाही.

मण्याच्या भोकाला आपल्याकडे ‘वेज’ असा नेमका शब्द आहे. मोत्याचे वेज, मण्याचे वेज. सुईचे मात्र ‘नेढे’. आणि राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळात आरपार जे भोक आहे त्यालाही आपल्या लोकांनी नेढेच म्हटले. मावळातल्या माणसाने डोंगर पाहिला आणि त्याला सुई आठवली! हे सगळे मी तिथे सांगू लागलो, तेव्हा आत्याने माझ्या हातात सूप दिले आणि मणी पाखडायला लावले.

पण वेज ही गोष्ट सांगण्यासारखी आहे खरी. मणी आपण बाहेरून पाहतो. दोरा तो आतून पाहतो. काळ्या पोतीचे बारीक मणी सळईवर गुंडाळून होत नाहीत. तिथे काचेची पोकळ नळी ओढतात आणि तिचे तुकडे पाडतात. तुकड्याच्या दोन्ही कडा सुरीसारख्या धारदार असतात. मग तो पुन्हा तापवून गोल करायचा. पण तापवताना वेज बुजून जाईल, त्याचे काय? यावर कारागिरांनी काढलेली युक्ती मोठी नामी आहे. तिरुपतीजवळच्या पापनायडुपेट या गावी विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती प्रत्यक्ष पाहून नोंदवली आहे: तुकडे राखेत घोळून तापवायचे. राख वेजात शिरते, ते मिटू देत नाही, आणि मणी एकमेकांना चिकटूही देत नाही. व्हेनिसचे कारागीर याच कामाला चुना आणि कोळशाची पूड वापरीत. नंतर चाळून, झटकून भुकटी काढली की कडा गोल आणि वेज मोकळे.

गुंडाळलेल्या मण्याची कथा वेगळी. त्याच्या वेजात सळईवरची माती भाजून घट्ट बसलेली असते. ती तशीच राहिली तर पारदर्शक मणी आतून मळकट दिसतो आणि माती सुटून दोऱ्यात रुतते. शिवाय सळईवर काच कमी पडली किंवा फार पसरली, तर मण्याच्या टोकाशी तिचा कागदासारखा पातळ पापुद्रा राहतो. तोच आत्याचा ‘चावणारा’ काटा. काच पुरेशी असेल तर ती आपोआप आत वळते आणि बोराच्या देठाशी असते तशी खळगी पडते. असा मणी दोऱ्याला कधी दुखवीत नाही.

डॉ. मोरेश्वर दीक्षित यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने 1969 साली प्रसिद्ध केला. आपल्या तेरसारख्या जुन्या नगरांतून किती काचमणी निघाले हे त्यासारख्या संशोधनामुळे कळते. पण माझ्या मनात घर करून राहिली आहे ती नेवाशाची माळ. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन दफनात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी सापडले आणि त्यांत ओवलेल्या दोऱ्याचे अंशही शिल्लक होते. तांब्याच्या गंजाने तो दोरा तीन हजारांहून अधिक वर्षे टिकवून धरला. कुणा आईने तो ओवला असेल, तेव्हा तिनेही मण्याच्या तोंडावरून नख फिरवले असेल काय?

असो. परसात दगडी पाट्यावर परात ठेवून, पाणी भरून दोघी कामाला बसल्या. धाकटीने पेटीतून हिऱ्याची पूड बसवलेली बारीक गोल कानस काढली आणि एक मणी कोरडाच हाती घेतला. घाई होती तिला. मी काही म्हणणार तोच बारीक ‘टिक्’ असा आवाज झाला आणि मण्याला आडवी चीर गेली. तिचा चेहरा मला बघवेना. कोरड्या घासण्याने काच एका जागी तापते, आणि कानस वेजात अडकून पाचरीसारखी रेटते; हे ती शिकलेली होती, पण त्या सकाळी विसरली. कोरड्या मातीची धूळ छातीलाही वाईट; त्यात गारेचा बारीक अंश असतो. एवढी दोन्ही कारणे पाण्याखाली काम करायला पुरेशी आहेत.

मग मात्र सगळे पाण्यात झाले. मणी तासभर भिजत ठेवले. कानस वेजात घालून हलक्या हाताने फिरवायची, रेटायची नाही, मध्येच काढून धुवायची. अर्धे काम एका तोंडाने, अर्धे दुसऱ्या तोंडाने, म्हणजे पलीकडची कड निघताना कपची उडत नाही. पांढरट गढूळ पाणी तीनदा बदलले. टोकाचा पापुद्रा काढायला आत्याने विळ्याला धार लावायचा निसणा आणून दिला. ओल्या निसण्यावर मणी किंचित कलता धरून गोल गोल फिरवायचा, आणि शेवटी पाण्यात चालणाऱ्या बारीक पॉलिशपेपरची सुरळी करून कडेवरून हात फिरवायचा. घासलेली कड पांढुरकी, आंधळी दिसते. पॉलिश होईल तशी ती उजळते. दर खेपेला कापसाची वात. अडकली की पुन्हा पाणी. दुपारचे जेवण दोघींनी परातीशेजारीच उरकले.

तिन्हीसांजेला तीन मण्यांतून वात स्वच्छ आणि सलग आली. आत्याने पुन्हा पोत गाठली. दोन्ही वाट्यांच्या बाजूला एकेकच लाल मणी. धाकटीने चारांचे दोन झाले म्हणून ओठ दाबून धरले होते. नवरीने तेवढ्यात येऊन पोत हातात घेतली, मण्यांच्या तोंडावरून आपल्या नखाची पाठ फिरवली, आणि बहिणीकडे पाहून म्हणाली, “आता हीच घालणार. भोरला कुणी जाऊ नका.” माजघरातून कुणी काही बोलले नाही.

रात्री पोत पुन्हा खुंटीला टांगली. माझा या गोष्टींवर विश्वास नाही असे मी समजत होतो. तरी दोनदा उठून कंदील धरून पाहून आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आत्या तिथे आधीच उभी होती.

उरलेला तिसरा मणी आत्याने मागून घेतला. तो आता तिच्या कालवडीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात आहे. चीर गेलेला चौथा धाकटीने कागदात बांधून पुण्याला नेला.