शीग न पुसता

आमच्या कोर्लईचं चर्च कार्मेल डोंगराच्या मातेचं. तिचा सण १६ जुलैला, ऐन लावणीत. मी मूळची वसईची. लग्न होऊन कुंडलिका खाडीच्या या काठाला आले तेव्हा घराघरांत ‘नो लिंग’ कानावर पडायची. पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली ही बोली बोलणारे जगात जेमतेम हजारभर. आता मी इथल्या मुलांना रविवारी धर्मशिक्षण देते. किल्ला पाहायला आलेली माणसं कधी चर्चपाशी थांबतात आणि विचारतात, तुमच्या धर्मात मुख्य काय? पाप, कबुली, दहा आज्ञा एवढं त्यांनी ऐकलेलं असतं. मी सांगते, मुख्य म्हणजे देवाचं उदंड प्रेम. आपण लायक ठरण्याआधीच ते आपल्याला मिळालेलं असतं. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपतो, तेव्हा येशू पाण्याचा द्राक्षारस करतो. तोही सहा दगडी रांजण भरून, एकेका रांजणात शंभर लिटरच्या आसपास. एवढी गरज कोणालाच नव्हती. पाच भाकरी नि दोन मासे पाच हजारांना पुरतात आणि वर बारा टोपल्या उरतात. द्राक्षमळ्याचा मालक संध्याकाळी तासभर राबलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. ही शेवटची गोष्ट लावणीच्या दिवसांत निघाली की आमच्याकडच्या बायका चिडतात. सकाळपासून चिखलात वाकलेल्या बाईला हा न्याय पटणार कसा? पण उशिरा काम मिळालेल्याच्या घरीही पोरं तितकीच भुकेली असतात, हेही त्यांनाच सगळ्यात आधी कळतं.

सासूबाई तांदूळ अधोलीने मोजायच्या. घरासाठी घेताना वरची शीग हाताने पुसायच्या. कोणी मागायला आलं तर मात्र शीग तशीच ठेवायच्या आणि पदरात ओतून झाल्यावर आणखी एक मूठ टाकायच्या. देव आपल्याला कसा देतो, हे मुलांना सांगायला मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही.

याला श्रीमंती लागते, असं काहींना वाटतं. पलीकडच्या रेवदंड्यात जाऊन पाहा. पोर्तुगीजांच्या काळातल्या मोठमोठ्या चर्चच्या भिंती आज माडांमध्ये पडक्या उभ्या आहेत. तिथे वैभव होतं आणि सत्तेचा जोरही होता. त्या जोराने झालेला धर्मप्रसार मला अभिमानाचा वाटत नाही. १७४० मध्ये चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज अधिकारी, धनिक गोव्याकडे निघून गेले. मागे राहिली ती कष्टकरी ख्रिस्ती माणसं. त्यांच्यामागे ना राजा होता, ना खजिना. कोर्लईची आजची भात पिकवणारी कुटुंबं त्यांच्याच वंशातली. प्रार्थना टिकली ती या रित्या हातांत.

रिते हात म्हटले की मला लिस्यूची संत तेरेसा आठवते. फ्रान्समधल्या कार्मेल मठातली ही तरुण संन्यासिनी १८९७ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेली. त्याआधी दोन वर्षं, ९ जून १८९५ रोजी, तिने स्वतःला देवाच्या दयाळू प्रेमाला वाहून दिलं होतं. देवापुढे आपण रित्या हातांनी जाऊ, त्याने आपल्या सत्कृत्यांची मोजदाद करू नये, अशी तिची विनवणी. मठात मोठं काम करायला तिला वाव नव्हता. मग न आवडणाऱ्या भगिनीशी हसून बोलणं, आजाऱ्याची कुरकुर ऐकून घेणं, हीच तिची साधना झाली. तिची ही ‘छोटी वाट’ संसारी माणसालाही चालता येते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा ही वाट मी माझ्याच अंगणात पाहिली. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आमचं अर्धं छप्पर उडालं. टाळेबंदीमुळे चर्च बंद होतं, आणि पाऊस तोंडावर असताना ताडपत्रीसुद्धा मिळेना. आमच्या मागच्या पडवीत जुनी कौलं रचून ठेवलेली होती. शेजारच्या घराशी बांधावरून आमचा कित्येक वर्षांचा अबोला. सासूबाईंनी त्यातली निम्मी कौलं आधी त्यांच्याकडे पाठवली, कारण तिथे बाळंतीण होती. अबोला लगेच सुटला नाही, आणि सासूबाईंनी कौलांची आठवणही कधी काढली नाही.

एक मात्र ठासून सांगते. प्रेमाच्या नावाखाली बाईने नवऱ्याचा मार सोसावा, असा उपदेश कोणी केला तर तो मला मान्य नाही. उदंड प्रेम तिच्यावरही आहे. तिला त्या घरातून सुखरूप बाहेर काढणं हे त्याच प्रेमाचं काम.

हे प्रेम चर्चच्या भिंतींपुरतंही नाही. आपल्या कोकणातल्याच करजगावात जन्मलेले रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या भक्तीच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. एवढा मोकळा उंबरठा आजही आमच्या किती संस्थांना जमतो?

मुलांना मी आठवड्यासाठी एकच काम देते. परतफेड करू न शकणाऱ्या कोणाला तरी काही द्यायचं आणि ते मलासुद्धा सांगायचं नाही. एकाने विचारलं, “बाई, आणि त्याने ते फेकून दिलं तर?” मी पेरणाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याचं बी वाटेवर पडलं, खडकाळीत पडलं, काट्यांतही पडलं. सगळी शेतकऱ्यांची पोरं. “असं कोण पेरतं, बाई? बियाणं काय फुकट येतं?” त्या रविवारी पुढचा धडा राहून गेला. देव इतकं बी वाया का जाऊ देतो, यावर ती जेवणाची वेळ होईपर्यंत भांडत होती.