छपरावरील लेप आणि फवाऱ्याचे यंत्र

इमारतीच्या सर्व भागांत अधिकांत अधिक सोसावे लागते ते छपराला, आणि कमीत कमी लक्ष जाते तेही छपराकडेच. भिंतीला पोपडा धरला की तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडतो. छपराला गेलेली चीर मात्र पावसाचे पाणी खाली टपकू लागेपर्यंत कोणाच्या गावीही नसते. पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याची आणि पत्र्यांच्या जोडांना डांबर फासण्याची आपल्याकडील रीत याच अनुभवातून आलेली आहे. छप्पर लहान असते तोवर एक डबा, एक कुंचला आणि एक सकाळ एवढ्यावर काम भागते. परंतु कारखाना, गोदाम किंवा मोठी बाजारपेठ यांचे छप्पर हजारो चौरस मीटर पसरलेले असते. अमेरिकेतील अशा इमारतींची छपरे बहुधा सपाट असतात. तेवढ्या विस्तारावर कुंचल्याने लेप देणे म्हणजे चमच्याने तळे उपसण्यासारखेच होय. तेथे फवाऱ्याचे यंत्र उपयोगी पडते.

छपराचा लेप आणि भिंतीचा रंग या दोन वस्तू दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांचे कार्य एक नव्हे. रंग शोभेसाठी असतो आणि त्याचा पापुद्रा अगदी पातळ चालतो. लेप हा छपराचे दुसरे कातडेच होय. दुपारच्या उन्हात छप्पर प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते. त्याबरोबर लेपालाही न फाटता ताणावे आणि आखडावे लागते. यासाठी ॲक्रिलिक, सिलिकोन, पॉलियुरेथेन अशा रबरासारख्या लवचिक द्रव्यांचे लेप वापरतात. लेप पांढरा असेल तर दुसराही लाभ होतो. नव्या शुभ्र लेपावरून सूर्यप्रकाशाचा सुमारे चार-पंचमांश भाग परत फिरतो. काळ्या डांबरी छपरात मात्र बहुतेक सर्व प्रकाश शोषला जाऊन त्याची उष्णता होते. परंतु लवचिकपणा काय किंवा शुभ्रता काय, दोन्ही गुण लेपाची जाडी पुरेशी असेल तरच टिकतात. ही जाडीची गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे यंत्राविषयीचे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

पिचकारीने रंग देण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे, आणि तिचा इतिहास मुख्यतः शिकागो शहराशी निगडित आहे. तेथील मार्शल फील्ड यांच्या घाऊक मालाच्या भव्य दुकानाची देखभाल जोसेफ बिंक्स नावाच्या गृहस्थांकडे होती. तळघराच्या भिंतींना सफेदी देण्यासाठी त्यांनी १८८७ च्या सुमारास हातपंपावर चालणारे फवाऱ्याचे यंत्र तयार केले. पुढे १८९३ साली त्याच शहरात जागतिक प्रदर्शन भरले. या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, त्यामुळे त्याचे नाव आपल्याकडेही सुपरिचित आहे. प्रदर्शनाच्या प्रचंड इमारती थोड्या अवधीत पांढऱ्या करावयाच्या होत्या. रंगकामाचे प्रमुख फ्रान्सिस मिलेट यांनी त्यासाठी फवाऱ्याचा उपयोग करविला आणि त्या इमारतींच्या समूहाला ‘शुभ्रनगरी’ हे नाव पडले. त्याच काळात ओहायो राज्यातील टोलेडो गावी डॉक्टर डीव्हिल्बिस यांनी घशात औषध उडविण्याची फवारणी तयार केली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या पुत्राने तेच तत्त्व रंगकामाला लावले, आणि घशाच्या औषधाचे साधन कारखान्यांतील स्प्रे-गनच्या रूपाने वावरू लागले.

या सर्व प्राथमिक स्प्रे-गनमध्ये रंगाचे तुषार करण्याचे काम दाबलेली हवा करी. पातळ रंगाला ही पद्धत उत्तम. पण छपराचा लेप दह्यासारखा, काही वेळा श्रीखंडासारखा दाट असतो. नुसत्या हवेच्या झोताने तो नीट फुटत नाही. पातळ करून फुटला तरी त्याचे कण हवेबरोबर उधळून वाया जातात. या अडचणीवर उपाय म्हणून १९५० नंतरच्या दशकात ‘एअरलेस’, म्हणजे हवेविना चालणारे यंत्र प्रचारात आले. आज मोठ्या छपरांसाठी मुख्यत्वे तेच वापरतात.

त्याची रचना समजण्यास कठीण नाही. विजेच्या मोटारीवर किंवा पेट्रोलच्या इंजिनावर चालणारा एक दट्ट्याचा पंप पिंपातून लेप ओढून घेतो आणि जाड नळीतून स्प्रे-गनकडे ढकलतो. यात हवेचा संबंध नसतो. दाब थेट लेपावरच पडतो. हा दाब बहुधा चौरस इंचाला ३००० पौंडांच्या आसपास असतो. मोटारीच्या चाकात साधारण ३० पौंड दाब असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे यंत्रातील दाब त्याच्या शंभरपट आहे हे कळून येईल. स्प्रे-गनच्या तोंडाशी कठीण धातूची एक लहान तोटी असते. तिच्या सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडताना लेपाचा वेग एवढा वाढतो की त्याचा प्रथम पंख्यासारखा पातळ पडदा होतो आणि लगेच तो पडदा तुटून त्याचे तुषार होतात. नळाच्या तोंडावर बोट दाबून धरले असता पाणी जसे पंख्याच्या आकाराने फाकते, तसाच काहीसा हा प्रकार होय.

तोटीवर तीन आकड्यांची एक संख्या कोरलेली असते आणि कारागिराला ती वाचता आली पाहिजे. उदाहरणार्थ, ५२७. पहिल्या आकड्याची दुप्पट केली म्हणजे तोटी बारा इंचांवर धरली असता फवाऱ्याचा पट्टा किती इंच रुंद पडेल ते समजते. येथे तो दहा इंच पडेल. उरलेले दोन आकडे छिद्राचे माप सांगतात: सत्तावीस म्हणजे इंचाचा सत्तावीस-हजारांश. भिंतीच्या रंगाला याहून बरेच लहान छिद्र पुरते. छपराच्या दाट लेपाला पंचविसापासून पस्तिसापर्यंत, क्वचित त्याहून मोठे लागते. मोठ्या छिद्राला तेवढाच समर्थ पंप हवा, नाही तर दाब पडतो आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा उमटतात. नळी लांब असली तरी दाब घटतो, म्हणून लांब अंतराला जाड नळी घेतात. सिलिकोनचा लेप हवेतील बाष्पाने घट्ट होतो. त्यासाठी बाष्प आत शिरू न देणारी खास नळी लागते, एरवी लेप नळीतच बसून नळी निकामी होते. तोटीही झिजते. छिद्र मोठे होत जाते, पट्टा अरुंद होतो, आणि तेवढ्याच जागेवर अधिक माल खर्ची पडतो. जुनी तोटी चालवून केलेली काटकसर अशा रीतीने पिंपातून वसूल होते.

यंत्र चांगले असले म्हणून छप्पर आपोआप चांगले होत नाही. फवाऱ्याने पाहता पाहता सर्व छप्पर पांढरे दिसू लागते आणि काम पुरे झाले असे वाटते. वस्तुतः शुभ्रता डोळ्यांना दिसते, जाडी दिसत नाही. यासाठी एक साधा हिशेब घरोघरी ठाऊक असावा असा आहे. एक लिटर लेप एक चौरस मीटर जागेवर सारखा पसरला तर ओल्या थराची जाडी बरोबर एक मिलिमीटर होते. लेपातील पाणी किंवा द्रावक उडून गेल्यावर जो घन भाग उरतो, तेवढीच खरी जाडी. आकारमानाने निम्मा भाग घन असेल तर एक मिलिमीटरचा ओला थर वाळून अर्धा मिलिमीटर राहील. आता एक हजार चौरस मीटरच्या छपरावर अर्धा मिलिमीटर वाळलेला थर हवा असेल, तर एक हजार लिटर, म्हणजे वीस लिटरचे पन्नास डबे लागतील. कंत्राटदाराने तीसच डबे रिते केले असतील, तर छप्पर कितीही पांढरे दिसो, थर तीन-दशांश मिलिमीटरहून अधिक असणे शक्य नाही. खडबडीत पृष्ठभाग आणि वाऱ्याने होणारी नासाडी यांसाठी तर वर आणखी काही डबे धरावयास हवेत.

हाच हिशेब कारागिराच्या हाताला चाल शिकवितो. वरील लेप बहुधा दोन हातांत देतात, म्हणजे एका हाताला दर चौरस मीटरला अर्धा लिटर. तोटीतून मिनिटाला तीन लिटर लेप बाहेर पडत असेल, तर मिनिटाला सहा चौरस मीटर जागाच झाकली गेली पाहिजे. अधिक झाकली तर थर पातळ झाला असे समजावे. प्रत्येक पट्टा मागील पट्ट्याच्या निम्म्यावर चढवितात, त्यामुळे दहा इंची पट्ट्यातील पाचच इंच जागा दर वेळी नवीन असते. या मानाने हात सेकंदाला सुमारे ऐंशी सेंटिमीटर सरकावा लागतो. स्प्रे-गन पृष्ठभागाशी काटकोनात आणि सारख्या अंतरावर राहिली पाहिजे. ती कमानीसारखी फिरविली तर मध्यभागी थर जाड आणि टोकांना पातळ होतो. अधूनमधून दातेरी पट्टी ओल्या थरात टेकवून कोणत्या दात्यापर्यंत लेप लागला ते पाहतात. या पट्टीची किंमत सर्व साहित्यात नगण्य, पण साक्ष मात्र तिचीच खरी.

फवारणीपूर्वीची तयारी यंत्राला करता येत नाही. धूळ, शेवाळ आणि सुटलेले जुने पापुद्रे पाण्याच्या जोरदार झोताने धुऊन काढावे लागतात; जोडांवर आणि चिरांवर आधी कापडाची पट्टी लेपात बसवून घ्यावी लागते. पाण्यात कालविलेला ॲक्रिलिक लेप वाळण्यापूर्वी पाऊस आला तर तो वाहून जातो, म्हणून आभाळाकडे पाहूनच आरंभ करावयाचा. वारा असेल तर तुषार शेजारच्या मोटारींवर व खिडक्यांवर जाऊन बसतात. वातानुकूलनाची यंत्रे छपरावर असतील तर त्यांची हवा घेणारी तोंडे बंद करून झाकावी लागतात. नाही तर लेपाचा वास आणि कण सर्व इमारतीत पसरतात.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्र धरणाऱ्यालाच आहे. तोटीपुढे बोट आले तर लेप कातडी भेदून सुईसारखा आत घुसतो. बाहेर टाचणीएवढी जखम दिसते, प्रथम वेदनाही फारशी होत नाही, आणि माणूस पट्टी बांधून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र लेप स्नायुबंधांच्या कडेने पसरत असतो. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. म्हणून अशी जखम कितीही लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे, आणि कोणता लेप व किती दाब होता हे डॉक्टरांना सांगावे. तोटी साफ करण्यापूर्वी यंत्र बंद करणे, नळीतील दाब सोडणे आणि घोड्याला अडसर लावणे, या तीन गोष्टी कधीही चुकवू नयेत. दुसरा धोका पडण्याचा. ओल्या लेपावर पाय पडू नये म्हणून कारागीर मागे मागे सरकत जातो; त्याची दृष्टी फवाऱ्यावर असते आणि पाठ छपराच्या कडेकडे किंवा प्रकाशासाठी बसविलेल्या ठिसूळ तावदानाकडे. कडेला कठडा, तावदानावर आवरण आणि अंगाला दोर असल्याखेरीज कोणालाही वर चढू देऊ नये.

शहरातील गृहस्थाला असे यंत्र चालवावयाचा प्रसंग क्वचितच येईल. पण राहत्या इमारतीच्या गच्चीवर किंवा कचेरीच्या पत्र्यावर लेप देण्याचे काम ठरविण्याचा प्रसंग मात्र अनेकांवर येतो. त्या वेळी काम किती दिवसांत पुरे होईल हा प्रश्न बहुतेक सर्व विचारतात. वाळलेला थर किती जाड हवा, त्यासाठी किती लिटर माल येणार, ओला थर मोजावयाची पट्टी आणली आहे काय, आणि माणसाच्या कमरेला दोर आहे काय, हे चार प्रश्नही त्याबरोबर विचारले गेले पाहिजेत. रिते झालेले डबे मोजून घेण्यात कोणाचा अविश्वास नाही. पुढील पावसाळ्यात बादल्या मांडून बसण्यापेक्षा ते काम खचित सोपे आहे.