पदकाच्या काठावरचं नाव

नागपुरात सीताबर्डीचा किल्ला सामान्यांसाठी उघडण्याचे ठरलेले दिवस तीनच: 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. त्या गर्दीत एखादे आजोबा कोटावर पदकांची ओळ लावून आलेले दिसले, तर लोक रंगीत फिती बघतात. फौजेतला जाणकार मात्र पदकाचा काठ बघतो. सरकारी पदकाच्या त्या अरुंद कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. काठ कोरा असेल, तर ते पदक बहुधा बाजारातलं.

म्हणून आजोबांना खोटं ठरवू नका. सरकारी पदक हातात पडायला वर्षानुवर्षं लागत, आणि परेड तर उद्यावर आलेली. मग दिल्ली छावणीतल्या गोपीनाथ बाजारासारख्या ठिकाणाहून पदक विकत आणायचं. स्वतः कमावलेलं पदक पदरमोड करून घ्यायचं, हे फौजेत इतकं अंगवळणी पडलं की त्यात कुणाला काही वावगं वाटेनासं झालं. मला मात्र वाटतं.

पण बाजारात धातू मिळतो, नोंद मिळत नाही. पदक ही आधी कागदावरची एक ओळ असते. पलटण आपल्या जवानांचा दावा तयार करते, ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणजे नोंदीचा आदेश निघतो, तो रेकॉर्ड ऑफिसात पोचतो, तिथे ती नोंद जवानाच्या शीट रोलवर, म्हणजे सेवापत्रकावर चढते आणि निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकात उतरते. या साखळीतली एक कडी निसटली, की पुढचं सगळं कोरं.

1971 च्या युद्धाचंच बघा. त्यासाठी तीन पदकं होती: पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेसाठी पश्चिमी स्टार, आणि 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळातल्या सेवेसाठी संग्राम मेडल. शिवाय 15 ऑगस्ट 1972 ला स्वातंत्र्याच्या पंचविशीचं पदक आलं, ते वेगळंच. समजा, काटोलकडचा एक जवान युद्धाच्या वेळी दुसऱ्या पलटणीत ‘अटॅच’ होता. लढला तिथे, पगाराचे कागद इथे. दावा कुणी पाठवायचा? मूळ पलटणीला वाटलं दुसरीनं पाठवला असेल, दुसरीला वाटलं मूळ पलटणीनं. तोवर जवान बदलीवर किंवा घरी. पेन्शनीत चूक असती तर दुसऱ्याच महिन्यात बोंब झाली असती. पदकाच्या चुकीला तारीखच नसते. ती पन्नास वर्षांनी, नातवानं विचारल्यावर सापडते.

आणि तेव्हा दुसरीच आडकाठी उभी राहते. लष्कराच्या 1987 च्या नियमावलीतील परिच्छेद 595 नुसार, पेन्शन न मिळालेल्या जवानांची सेवा-कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट केली जातात. मागे उरतो तो ‘लाँग रोल’, म्हणजे नाव-क्रमांकाची मोजकी माहिती असलेली कायमची वही. अशा माणसाजवळचं मूळ डिस्चार्ज बुक मग रेकॉर्ड ऑफिसातल्या कागदापेक्षा मोलाचं ठरतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला 12 जुलै 1973 ला आग लागली आणि कोट्यवधी सैनिकांच्या फायली खाक झाल्या. तिथे आजही माजी सैनिक जुनी पत्रं आणि पगाराच्या चिठ्ठ्या जमवून आपली सेवा सिद्ध करतात. आपल्याकडे आग लागावी लागली नाही, इतकाच फरक.

अर्ज कुठे करायचा, यातच निम्मे लोक चुकतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला मदत करतं, पण नोंद बदलते ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातच. नागपूरकरांचं नशीब की ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचं आणि आर्मी पोस्टल सर्व्हिसचं रेकॉर्ड ऑफिस कामठीतच आहे. महार रेजिमेंटवाल्यानं मात्र सागरला लिहायचं, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यानं बेळगावला, तोफखान्यातल्यानं नाशिक रोडला. अर्जात ‘पदक द्या’ एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या तारखेला कुठल्या पलटणीबरोबर कुठे होतो, ते लिहावं आणि पार्ट टू ऑर्डर निघाली होती का, हे विचारावं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहे. त्यापुढे 2007 च्या कायद्यानं स्थापन झालेलं सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

युद्धपदकाला पैसा जोडलेला नसतो. शौर्यासाठीच्या सेना मेडलला किंवा वीरचक्राला मासिक भत्ता आहे, संग्राम मेडलला नाही. जखमेचं प्रकरण तेवढं निराळं. ‘बॅटल कॅज्युअल्टी’ची नोंद झाली नसेल, तर घाव पदकाबरोबर युद्धजखमेच्या पेन्शनचा हक्कही धोक्यात येतो. तिथे संकोच परवडत नाही.

संकोच खूपांना असतो. मान कधी मागायचा असतो का? 1965 च्या युद्धात गोळ्या झेलून अपंग झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचं सुवर्ण घेऊन आले. 1982 मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नाकारला गेला. अर्जुन जीवनगौरव त्यांना जानेवारी 2025 मध्ये मिळाला. तो खेळाचा पुरस्कार, हे खरं; पण त्यांनी मागितला होता.

घरात एखादी फौजी ट्रंक असेल तर आज उघडा. डिस्चार्ज बुकातलं पदकांचं पान काढा, त्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि आजोबांना विचारा, यातलं काय राहिलंय. त्यांना आठवतंय तोवर विचारा.