एक कोटी चिठ्ठ्या, पहिलंच अक्षर

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजमध्ये लोखंडी कपाटांच्या खणांत कागदाच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत. एकेक चिठ्ठी उचलून दहा सेकंद नुसती पाहायची म्हटली, रोज आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस, तरी शेवटची चिठ्ठी हाती यायला साडेअकरा वर्षं लागतील. त्या लिहायला २५ वर्षं लागली.

१९४८ साली सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या एका महाकोशाचं काम हाती घेतलं. शब्द कुठून आला, कोणत्या ग्रंथात कोणत्या अर्थानं वापरला गेला आणि तो अर्थ पुढे कसा बदलला, हे कालक्रमानं आणि मूळ वाक्यांच्या पुराव्यानिशी सांगणारा कोश त्यांना हवा होता. त्यासाठी आधी ग्रंथ वाचणं आलं. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे सुमारे १,५०० ग्रंथ निवडले गेले, तेही ६२ विद्याशाखांमधले. त्यांत वेद आणि काव्यं तर होतीच, शिवाय वैद्यक, गणित, वास्तुशास्त्र, रसविद्या, पशुवैद्यक, शेती, संगीत आणि कोरीव लेखही होते. १९७३पर्यंत हे वाचन चाललं. हिशेब केला तर कामाच्या एका दिवसाला तेराशेहून जास्त चिठ्ठ्या पडतात. शब्द, तो आलेलं वाक्य, ग्रंथाचं नाव आणि त्यातलं नेमकं ठिकाण, सगळं हातानं लिहायचं. या लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत, याची मला फार खंत वाटते.

एकाच शब्दाच्या चिठ्ठ्या समोर मांडल्या की काय होतं ते ‘अक्ष’वरून कळतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात अक्ष म्हणजे फासे. ते फासे बेहड्याच्या फळांचे असत, म्हणून वैद्यकात अक्ष म्हणजे बेहडा. औषधं मोजताना तोच अक्ष एक वजन होतो, कर्षाइतकं. रथाचा आसही अक्षच. आणि ज्योतिषी विषुववृत्तापासूनचं अंतर मोजू लागले तेव्हा तेही अक्ष झालं. शाळेतल्या नकाशावरचे अक्षांश तिथूनच आले. आता प्रत्येक चिठ्ठीवरच्या वाक्यात यांपैकी कोणता अर्थ आहे, हे कुणीतरी ठरवायचं असतं. त्यासाठी व्याकरण हवंच, पण ते शास्त्रही माहीत हवं.

मी राहतो त्या नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळेपासून पनवेलपर्यंत डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. पनवेलचं योट्टा कंपनीचं ‘एनएम१’ तर ७,२०० रॅक मावतील एवढं बांधलेलं आहे. येरवड्याच्या चिठ्ठ्या अशा ठिकाणी साठवायच्या तर किती जागा लागेल? एका चिठ्ठीवर सरासरी २०० चिन्हं धरू. संगणकात देवनागरीच्या एका चिन्हाला साधारण तीन बाइट लागतात, म्हणजे चिठ्ठीला ६०० बाइट. एक कोटी चिठ्ठ्यांचा सगळा मजकूर सहा जीबीत बसेल. पाव शतकाचं वाचन खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतं! साठवण हा इथला प्रश्नच नाही. वेळ जातो तो वाक्याचा अर्थ लावण्यात.

तो किती जातो? अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला भाग १९७६ साली निघाला. २०२२पर्यंत ३५ भाग झाले, पानं सहा हजारांवर गेली, आणि कोश अजून ‘अ’वरच होता. यात आळस शोधू नये. संस्कृतात नकारच ‘अ’नं किंवा ‘अन्’नं सुरू होतो, त्यामुळे धर्माचा अधर्म झाला की तो शब्द इथे येऊन बसतो. शिवाय २२ उपसर्गांपैकी अति, अधि, अनु, अप, अपि, अभि, अव हे सात ‘अ’चेच. मोनिअर-विल्यम्सच्या तेराशेहून थोड्या जास्त पानांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात या एका अक्षरानं सव्वाशे पानं घेतली आहेत, म्हणजे जवळपास दहावा हिस्सा.

तेच प्रमाण इथे लावलं आणि ‘अ’ आता संपतच आला असं धरलं, तर पूर्ण कोश ६०,००० पानांचा होईल. आजवरचा वेग वर्षाला १३० पानांचा. उरलेल्या ५४,००० पानांना चारशेहून जास्त वर्षं लागतील. इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशाची कल्पना १८५७ साली मांडली गेली, पहिला भाग १८८४ साली आला आणि १९२८ साली कोश पुरा झाला. त्याच्या चिठ्ठ्या ५० लाखांच्या आसपास होत्या, इथल्या निम्म्या. संपादक जेम्स मरे शेवटचा भाग पाहायला राहिले नव्हते, पण काम थांबलं नाही, कारण त्यांच्यामागे संपादकांची फळी होती.

येरवड्यालाही तशीच फळी हवी आहे. संस्कृत आणि एखादं शास्त्र दोन्ही जाणणारी माणसं तयार करायला वर्षं जातात, म्हणून ती आजपासूनच नेमायला हवीत, पगार देऊन, कायमची. काम करणारे हात दहापट झाले तर चारशे वर्षांची चाळीसच्या घरात येतात, आणि आज विशीत कोशाच्या कामाला लागलेली मुलगी निवृत्त होईपर्यंत ‘ह’च्या चिठ्ठ्या लावत असेल.