हलक्या गाडीचा हिशोब

अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने ‘रोडस्टर १.८ एस’ ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स कार बांधली, तेव्हा रायगड जिल्हा एका जुन्या परंपरेशी जोडला गेला. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली इंग्लंडमध्ये ‘लोटस सेव्हन’ आणली. पाइपांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा आणि हाती लागेल ते चांगले इंजिन, एवढीच तिची मांडणी होती. १९७३ पासून कॅटरहॅमने तिचे उत्पादन पुढे चालवले. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार कशी बांधावी यावर पुस्तक लिहिले आणि ही गाडी घरोघरच्या गॅरेजमध्ये पोहोचली. चिंकाराने त्याच घडणीला फायबरचे अंग आणि इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन दिले. ॲम्बॅसेडरमुळे हे इंजिन आपल्या मेकॅनिकांच्या ओळखीचे होते. अशा प्रत्येक गाडीविषयी पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: पिकअप किती आणि टॉप स्पीड किती? वेल्डिंगची पहिली ठिणगी पडण्याआधीच या दोन्हींची उत्तरे कागदावर बऱ्यापैकी मिळतात. तो कागद एक महत्त्वाची गोष्टही शिकवतो. पिकअप वजनावर ठरते आणि टॉप स्पीड हवेवर. हा फरक ज्याला कळला नाही, त्याचे पैसे आणि श्रम हमखास चुकीच्या जागी खर्च होतात.

पिकअपपासून सुरुवात करू. पुढचे आकडे कोणत्या कंपनीच्या माहितीपत्रकातले नाहीत, या जातीच्या गाडीसाठी धरलेले आहेत. चालकासह वजन ७५० किलो आणि इंजिनाची ताकद ७५ अश्वशक्ती, म्हणजे ५५ किलोवॅट धरली. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये सुमारे १५ टक्के ताकद खर्ची पडते, तेव्हा चाकांपर्यंत ४७ किलोवॅट पोहोचते. ही गाडी ताशी १०० किलोमीटरला गेली की तिच्यात सुमारे २ लाख ९० हजार ज्यूल ऊर्जा साठते. तिला ४७ हजारांनी भागले की ६.२ सेकंद येतात. ही झाली आदर्श सीमा. तिच्याखाली कोणी आकडा सांगितला तर एकतर वजन खोटे आहे किंवा ताकद. प्रत्यक्षात इंजिन प्रत्येक क्षणी पूर्ण ताकदीवर नसते, गिअर बदलताना ओढ तुटते, फिरणारी चाके आणि फ्लायव्हील यांनाही वेग द्यावा लागतो आणि हवेचा अडथळाही असतोच. सरासरी ताकद पाऊण पट धरून हे सगळे मोजले की उत्तर १० सेकंदांच्या आसपास येते. आता याच गाडीचे वजन १५० किलोंनी कमी करा. इंजिनाला हात न लावता तोच वेग ८ सेकंदांत गाठता येतो. वजन पाचवा हिस्सा घटले आणि वेळही जवळपास तेवढीच घटली.

या हिशोबात एक मोठी अट आहे, ती टायरची. ताकद कितीही असली तरी रस्त्याला धरून ठेवण्याची टायरची क्षमता ठरलेली असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्या गाडीला सुरुवातीला गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशाएवढाच प्रवेग पेलतो असे धरले, तर साधारण ताशी ३८ किलोमीटरपर्यंत मर्यादा टायरची असते, इंजिनाची पाळी त्यानंतर येते. महाडच्या पावसात ओल्या डांबरावर ही मर्यादा आणखी वरच्या वेगापर्यंत ताणली जाते. याचा टोकाचा पुरावा झुरिकच्या विद्यार्थ्यांनी दिला. २०२३ साली त्यांच्या ‘मिथेन’ या विजेच्या गाडीने शून्य ते १०० चा वेग ०.९५६ सेकंदांत गाठला. गाडी सुमारे १४० किलोंची आणि ताकद २४० किलोवॅट. नुसत्या ताकदीचा हिशोब केला तर याच्या निम्म्याहूनही कमी वेळ पुरायला हवा होता. मग उरलेला वेळ गेला कशात? चाके जमिनीला धरून ठेवण्यात. त्यासाठी त्यांनी गाडीखालची हवा पंख्याने ओढून घेण्याची सोय केली होती. ताकद वाढवून पिकअप मिळवू पाहणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

टॉप स्पीडचा हिशोब अगदी वेगळा आहे. उघडी गाडी हवेला फार अडते. उघडी चाके, उभी काच, मडगार्ड या सगळ्यांमुळे तिचा हवाविरोधाचा गुणांक ०.६५ आणि समोरचे क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटर धरायला हरकत नाही. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर आठपट ताकद लागते. टायरच्या घर्षणाचा थोडा वाटाही धरला, तर आपल्या ४७ किलोवॅटमध्ये ही गाडी ताशी १५९ किलोमीटरला थांबते. तेच १५० किलो वजन कमी केले तर हा आकडा ताशी एका किलोमीटरने वाढतो, जास्त नाही. इंजिन दुप्पट ताकदीचे बसवले तर तो २०३ वर जातो, म्हणजे १०० टक्के जास्त ताकदीला जेमतेम २८ टक्के वेग. उलट, इंजिन तेच ठेवून अंग असे घडवले की गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.८१ वरून ०.५ वर आला, तर वेग १८६ होतो. शिवाय गिअरिंगही पाहावे लागते. समजा टायरचा परीघ १.८ मीटर, डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.९ आणि शेवटचा गिअर एकास एक आहे. मग ५,५०० फेऱ्यांना गाडी १५२ वरच राहते आणि उरलेली ताकद कामी येत नाही.

हे सारे पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना तपासून पाहावे. चढ सुमारे १,३०० मीटरचा. ७५० किलोंच्या गाडीला तेवढे वर नेताना लागणारी ऊर्जा म्हणजे शून्य ते १०० पर्यंतच्या ऊर्जेच्या ३३ पट. ही ऊर्जा थेट वजनाच्या प्रमाणात असते, म्हणून घाटात हलकेपणाचे प्रत्येक किलो कामी येते. शिवथरघळीच्या अंगाने भोरकडे चढणाऱ्या वरंध घाटातही तेच आहे. वळणांमागून वळणे असल्याने तिथे १५९ चा आकडा कधीच दिसणार नाही, पण प्रत्येक वळणातून बाहेर पडताना पिकअपची गरज लागते. वरती हवा विरळ होते. महाबळेश्वरच्या उंचीवर तिची घनता साधारण आठव्या हिश्श्याने घटते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात कमी होते आणि हवेचा अडथळाही त्याच प्रमाणात. म्हणून सपाट पठारावर टॉप स्पीड जवळजवळ तेवढाच राहतो. पिकअप मात्र मंदावते, कारण गाडीचे वजन उंचीने घटत नाही. दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टींनी ठरतात, याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, गाडी बांधली की घड्याळ लावून वेळ मोजता येतो, मग एवढी उठाठेव कशाला? मोजणी हवीच. पण ती गाडी बांधून झाल्यावर होते आणि तोपर्यंत चेसिसचे माप, इंजिन, गिअर हे सारे ठरून गेलेले असते. शिवाय ती करायची कुठे? मुंबई-गोवा महामार्ग किंवा त्यावरचा कशेडी घाट ही त्याची जागा नव्हे. दुसरा आक्षेप गंभीर आहे. गुणांक, टायरची पकड, गिअरबॉक्समधला तोटा हे सगळे अंदाजच आहेत, तर उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा? हे खरे आहे. पण अंदाज चुकला तरी तो किती आणि कोणत्या बाजूला चुकेल हे कळते. हवाविरोध दहा टक्के जास्त निघाला तर टॉप स्पीड तीन टक्क्यांनीच घटतो, कारण घनमूळ चूक आवरून धरते. वजन चुकीचे धरले तर पिकअप तेवढ्याच प्रमाणात चुकते, म्हणून वजन मात्र काट्यावरच घ्यावे. पुढे बंद ट्रॅकवर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून वेग किती सेकंदांत उतरतो हे नोंदवले, की अडथळ्याचा खरा आकडा हाती येतो आणि कागद सुधारतो. संगणकावरचे सिम्युलेशन हेच काम बारकाईने करते, पण त्याला घातलेला चुकीचा आकडा ते आपणहून दुरुस्त करत नाही.

रस्त्यावर उतरवायच्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते. त्यामुळे आपल्याकडे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर येणे अवघड आहे. म्हणून या विद्येची खरी जागा आज विद्यार्थ्यांच्या स्पर्धांमध्ये आहे. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारात प्रवेगाची शर्यत ७५ मीटरची असते आणि तिथे टॉप स्पीडला काही किंमत नसते. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठापासून पुण्या-मुंबईच्या कॉलेजांपर्यंत ज्याला अशी गाडी बांधायची आहे, त्याने आधी एक कोरा कागद घ्यावा. त्यावर वजन, चाकांवरची ताकद, टायरची पकड आणि हवेचा अडथळा हे चार आकडे मांडावेत आणि प्रत्येक आकडा दहा टक्क्यांनी बदलून पाहावा. जो आकडा उत्तर सर्वांत जास्त हलवतो, त्याच्यावर पहिला रुपया खर्च करावा. घाटात आणि ७५ मीटरच्या शर्यतीत पकड सांभाळून झाल्यावर तो आकडा बहुतेक वेळा वजनाचाच निघेल.