पुनरारंभ आणि विशेषनाम : एका चित्रपटमालेवरील वादाचे भाषिक स्वरूप

एकदा लोकप्रिय होऊन गेलेली चित्रपटमाला काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा आरंभापासून सांगावयास घेणे ही प्रथा चालू शतकात चित्रपटव्यवसायात चांगलीच रूढ झाली आहे. इंग्रजीत या प्रकारास 'रीबूट' अशी संज्ञा आहे. ही संज्ञा संगणकाच्या परिभाषेतून आली. पायातील बुटाची वादी स्वतःच ओढून स्वतःला वर उचलणे या अर्थाच्या 'बूटस्ट्रॅप' या शब्दाचा तो संक्षेप होय. संगणक बंद करून पुन्हा चालू केला म्हणजे त्याची चालू कामापुरती असलेली स्मृती पुसली जाते. साठवून ठेवलेली मूळ आज्ञावली मात्र जशीच्या तशी राहते. चित्रपटाच्या क्षेत्रात हे रूपक नेमके लागू पडते. घडलेल्या घटनांची स्मृती पुसावयाची आणि पात्रे, त्यांचे परस्परसंबंध व कथाविश्वाचे नियम तेवढे ठेवावयाचे, असा हा व्यवहार आहे. मराठीत त्यास 'पुनरारंभ' म्हणणे सोयीचे होईल.

पुनरारंभ आणि पुनर्निर्मिती यांत भेद केला पाहिजे. पुनर्निर्मितीत एकच कथा पुन्हा चित्रित होते. उत्तरकथेत जुन्या घटना खऱ्या मानून पुढचे सांगितले जाते. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या मालेत हे तिन्ही प्रकार आढळतात. फ्रेंच लेखक प्येर बूल यांच्या १९६३ च्या कादंबरीवरून १९६८ साली पहिला चित्रपट निघाला. १९७३ पर्यंत त्याच्या चार पुढील कथा आल्या. २००१ साली पुनर्निर्मिती झाली. आणि २०११ साली वानरांचे राज्य मुळात कसे आले येथपासून नवा आरंभ झाला. २००१ च्या चित्रपटाविषयी रसिकांचा प्रश्न होता तो तो चांगला की वाईट, एवढाच. पुनरारंभाच्या बाबतीत प्रश्न निराळा असतो. हे पात्र तेच आहे काय, असे रसिक विचारतात. हा प्रश्न दिसावयास भाबडा आहे. पण भाषेच्या अभ्यासकास तो ओळखीचा वाटावा, कारण विशेषनामाचा अर्थ काय, हा जुनाच प्रश्न येथे वेषांतर करून आला आहे.

या वादाचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक' ही विज्ञानकथामाला. ८ सप्टेंबर १९६६ रोजी ती अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि १९६९ साली, ७९ भागांनंतर, बंद पडली. दुसऱ्या वर्षानंतरच ती बंद होण्याची चिन्हे होती. तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांची मोहीम काढली आणि तिसरे वर्ष पदरात पाडून घेतले. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या अवकाश-विमानास कथेतील यानाचे 'एंटरप्राइझ' हे नाव मिळाले तेही अशाच पत्रांमुळे. १९७९ ते २००२ या काळात या विश्वावर दहा चित्रपट निघाले. ज्या रसिकांच्या आग्रहावर ही माला तगून राहिली, त्यांना तिच्यावर आपला काही अधिकार आहे असे वाटावे, यात अस्वाभाविक काही नाही.

२००९ साली जे. जे. अब्राम्स यांनी या मालेचा पुनरारंभ केला. कर्क, स्पॉक ही पात्रे नव्या, तरुण नटांनी केली. कथेची योजना मात्र चतुराईची होती. भविष्यकाळातून एक शत्रुयान २२३३ या वर्षात येते, कर्कच्या जन्माच्या वेळीच त्याच्या पित्याचा बळी घेते आणि तेथून इतिहासाला दुसरी शाखा फुटते. जुन्या मालेतील घटना मूळ शाखेवर तशाच राहतात. नव्या शाखेवर स्पॉकचा व्हल्कन ग्रह नष्ट होतो. स्पॉकची मूळ भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय याच चित्रपटात वृद्ध स्पॉक म्हणून येतात आणि तरुण स्पॉकची व त्यांची भेट होते. एक नाव आणि त्याचे दोन धारक समोरासमोर उभे राहतात.

रसिकांत दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की कर्क म्हणजे आपण पाहिलेला, अमुक प्रसंगांतून गेलेला, पित्याच्या छायेत वाढलेला कर्क. ही लक्षणे काढून घेतली की उरते ते केवळ नाव. दुसरा पक्ष म्हणे की माणसाच्या आयुष्यात निराळे काही घडले म्हणून माणूस निराळा होत नाही. कर्कचे वडील लवकर वारले असते तर तो कसा झाला असता, हे विचारणे म्हणजे कर्कविषयीच विचारणे होय.

नेमके हेच दोन पक्ष तत्त्वज्ञानात आहेत. फ्रेगे आणि रसेल यांच्या परंपरेत विशेषनाम हे एखाद्या वर्णनाचे वा वर्णनसमूहाचे संक्षिप्त रूप मानले जाते. सॉल क्रिपके यांनी जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टन येथे दिलेल्या व्याख्यानांत या मताचे खंडन केले. त्यांच्या मते नाव एकदा ठेवले जाते आणि मग ते एकाकडून दुसऱ्याकडे असे परंपरेने पोचते. धारकाविषयीची सर्व वर्णने चुकीची ठरली तरी नाव त्यालाच लागू राहते. आपल्याकडील व्याकरणपरंपरेनेही या प्रश्नास स्पर्श केला आहे. पतंजलीने महाभाष्यात जातिशब्द, गुणशब्द व क्रियाशब्द यांच्या बरोबरीने यदृच्छाशब्द हा चौथा वर्ग सांगितला. 'डित्थ' सारखे नाव हे त्याचे शास्त्रग्रंथांतील ठरीव उदाहरण. अशा नावास धारकाच्या गुणाचा वा कर्माचा आधार नसतो.

धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यास यासाठी दूर जावयास नको. जिल्ह्याचे ठिकाण हैदराबाद संस्थानचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद म्हणून ओळखले जाई. २०२३ साली शहर व जिल्हा या दोहोंचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. गावाबाहेरची लेणी आणि तेरणेचा काठ मात्र होते तेथेच राहिले. लक्षणे कायम राहून नाव बदलले, तरी ठिकाणाच्या एकत्वाविषयी कोणासही संदेह पडला नाही. पुनरारंभात याच्या उलट घडते. तेथे नाव कायम राहते आणि लक्षणे बदलतात, म्हणून संदेह पडतो.

याच जिल्ह्यातील तेर येथील गोरा कुंभार यांचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडविताना पायाखाली आलेले मूल, पत्नीने घातलेली विठोबाची शपथ, शपथ मोडली म्हणून तोडलेले हात, आणि पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात परत आलेले हात व मूल ही कथा महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात सविस्तर सांगितली आहे. पुढे ती चित्रपटांतून अनेक भाषांत गेली. तमिळमध्ये १९४८ साली नागय्या यांचा 'चक्रधारी', कन्नडमध्ये १९७४ साली राजकुमार यांचा 'भक्त कुंबार', तेलुगूत १९७७ साली अक्किनेनी नागेश्वरराव यांचा पुन्हा 'चक्रधारी', गुजरातीत १९७८ साली अरविंद त्रिवेदी यांचा 'भगत गोरा कुंभार'. मराठी रंगभूमीवर अशोकजी परांजपे यांचे संगीत नाटक आहेच. इतके नट आणि इतके चेहरे झाले, पण यांपैकी खरा गोरोबा कोणता, हा प्रश्न या कलाकृतींना लावून पाहिला तर तो विचित्र वाटतो. कारण उघड आहे. गोरोबांचे नाव या कलाकृतींच्या आधीपासून चालत आलेले आहे. तेरचे समाधिमंदिर आणि वारकऱ्यांची मुखपरंपरा या नावास कलाकृतीबाहेर आधार देतात. मूल तुडविल्याचा प्रसंग घडलाच नव्हता असे उद्या एखाद्या संशोधकाने सिद्ध केले, तरी 'गोरा कुंभार' हे नाव तेरच्या त्या संतासच लागू राहील. क्रिपके यांनी बायबलमधील योना या संदेष्ट्याविषयी असाच युक्तिवाद केला आहे. त्याच्याविषयी सांगितलेली माशाच्या पोटातील गोष्ट सर्वस्वी काल्पनिक असली, तरी ती कोणा खऱ्या माणसाविषयीच सांगितली गेली असू शकते.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजू ध्यानात घेतली पाहिजे. चिखल आणि मूल हा प्रसंग गाळून कोणी 'गोरा कुंभार' या नावाचा चित्रपट काढला, तर भाविक प्रेक्षक त्यास गोरोबांची कथा म्हणणार नाही. व्यक्तीचे नाव परंपरेने टिकते. कथेचे नाव मात्र वर्णनावर उभे असते. संतचरित्रात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, कारण व्यक्ती कथेच्या बाहेरही आहे. कर्क अथवा स्पॉक यांच्या बाबतीत हे करता येत नाही. कथेबाहेर त्यांचे समाधिस्थान नाही. ते सर्वस्वी कथेचेच बनलेले आहेत. म्हणून जुन्या रसिकांचा आक्षेप निव्वळ सवयीचा हट्ट म्हणून उडवून लावणे बरोबर नाही. घटना पुसल्या की काल्पनिक पात्राचा मोठा अंश पुसला जातो, ही त्यांची जाणीव यथार्थ आहे. क्रिपकेप्रणीत पक्ष खऱ्या माणसांच्या नावांविषयी बलवान आहे. काल्पनिक नावांविषयी तो तितका बलवान राहत नाही.

नावाची परंपरा पुढे नेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न यातूनच निघतो. आपल्याकडे तो २०२० साली 'मिस्टर इंडिया' या १९८७ च्या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने उपस्थित झाला. अली अब्बास जफर यांनी या नावाने तीन चित्रपटांची घोषणा केली, तेव्हा मूळ दिग्दर्शक शेखर कपूर यांनी आपणास कोणी विचारलेही नाही अशी जाहीर तक्रार केली. तर पटकथाकार जोडीपैकी जावेद अख्तर यांनी कथा, प्रसंग, संवाद यांपैकी काही दिग्दर्शकाचे नव्हते, मग हक्क कसला, असे प्रत्युत्तर दिले. अदृश्य माणसाची कल्पना तर एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीपासून चालत आली आहे आणि हिंदी चित्रपटातही १९५७ च्या 'मिस्टर एक्स' पासून ती आहे. कल्पना कोणाचीच नाही. वाद होता तो नावाचा आणि नावाभोवती जमलेल्या स्मृतीचा. कायदा निर्मात्याचा हक्क ठरवू शकतो, पण त्या स्मृतीत प्रेक्षकांचा वाटा किती, हे त्यास ठरविता येत नाही.

'स्टार ट्रेक' कडे पुन्हा वळल्यास, खरी कसोटी २०१३ साली लागली. त्या वर्षीच्या चित्रपटातील खलनायक 'खान' असल्याचे निर्मात्यांनी प्रदर्शनापूर्वी नाकारले होते. पडद्यावर तो खानच निघाला. खान नूनियन सिंग हे पात्र १९६७ च्या एका भागातील. विसाव्या शतकाच्या अखेरच्या युद्धांतून पळालेला, शीतनिद्रेत शतके काढलेला हा हुकूमशहा. यानावरील इतिहासज्ञ स्त्री त्यास पाहून तो उत्तर हिंदुस्थानातील, बहुधा शीख असावा असा तर्क करते. (खान, नूनियन आणि सिंग ही नावांची मोळी कोणत्या शीख घराण्यात बांधली गेली, हे लेखकांसच ठाऊक!) ती भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबान यांनी केली होती, आणि १९८२ च्या चित्रपटातही तेच होते. २०१३ साली ती बेनेडिक्ट कंबरबॅच या गौरवर्णी इंग्रज नटाकडे गेली.

आक्षेप दोन प्रकारचे आले. भारतीय नाव धारण करणाऱ्या पात्रावरून भारतीयपण पुसले, हा पहिला; तो न्याय्य आहे, पण मोंतालबान हेही भारतीय नव्हते, म्हणून तो एकट्या नव्या चित्रपटास लागू पडत नाही. दुसरा आक्षेप तर्काचा आहे आणि त्यास उत्तर देणे कठीण आहे. इतिहासाची शाखा फुटली ती २२३३ साली. तिच्यामुळे कर्कचे आयुष्य बदलले हे मान्य; त्याचे आईबाप तेच, म्हणून क्रिपके यांच्या कसोटीनेही तो तोच कर्क ठरतो, कारण व्यक्तीचे मूळ हे तिच्यापासून अविभाज्य असते, असे ते मानतात. पण खान जन्मला आणि निजला तो विसाव्या शतकात, म्हणजे शाखा फुटण्यापूर्वी. दोन्ही शाखांवर त्याचे मूळ एकच असले पाहिजे, आणि मूळ एक असेल तर चेहरा, वर्ण आणि बोलीचे वळण बदलण्यास कथेत काही कारण उरत नाही. पुनरारंभाच्या कर्त्यांनी स्वतःच घालून दिलेला नियम येथे त्यांच्यावर उलटला. त्याच वर्षी लास व्हेगास येथे भरलेल्या रसिकांच्या मेळाव्यात सर्व चित्रपटांची क्रमवारी लावली गेली तेव्हा या चित्रपटास शेवटचे स्थान मिळाले.

उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. त्याच सुमारास निघालेल्या एका चित्रकथामालेत असे सांगण्यात आले की निद्रेतून जागे केल्यावर खानचा चेहरा शस्त्रक्रियेने बदलण्यात आला होता. संहितेतील विसंगती भाष्यकाराने मिटवावी, तसाच हा प्रकार. अनेक रसिकांनी हे भाष्य प्रमाण मानले नाही, कारण ते पडद्यावर आलेले नव्हते. या मंडळींची प्रामाण्याविषयीची शिस्त काही वेळा पाठचिकित्सकांनाही लाजविणारी असते. पुढे २०२३ साली दूरचित्रवाणीवरील एका नव्या मालेत खान एकविसाव्या शतकातील टोरांटो शहरात लहान मुलाच्या रूपात दाखविला गेला आणि काळात झालेल्या ढवळाढवळीमुळे त्याचा उदय काही दशके पुढे ढकलला गेला, असा खुलासा पात्राच्याच तोंडी घातला गेला. १९६७ च्या लेखकांना दूर वाटलेली १९९० ची दशके प्रत्यक्षात येऊन निघूनही गेली होती, ही खरी अडचण. चेहऱ्यापाठोपाठ आता जन्मकाळही बदलला. नाव तेवढे अद्याप तेच आहे, आणि वाद चालूच आहे.